मेधासोबत बर्फाच्या धारेवर

मेधा आजारी पडली त्या वर्षी माझी उपासना कोरडी झाली. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये दत्ताच्या तसबिरीपुढे मी रोज दिवा लावायचे, नाम घ्यायचे, पण उठायचे ती रिकाम्या मनानं. जिनं कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही, त्या माझ्या मैत्रिणीच्या वाट्याला केमोथेरपी का यावी? या प्रश्नाला उत्तर मिळत नव्हतं, आणि उत्तर न देणाऱ्यावर भार टाकणं मला जड जात होतं.

२००६ च्या उन्हाळ्यात तिचे उपचार संपले. थंडी सुरू होताना ती म्हणाली, "तू दर हिवाळ्यात बर्फातल्या डोंगरांवर हाइकला जातेस ना? या वेळी मला ने."

"मेधा, ते पानगळीतले फॉल कलर्स बघण्याइतकं सोपं नाही गं."

"माहितीये. पण घरात सगळे मला काचेच्या बरणीसारखं जपतात यार. मला एकदा माझ्या मर्जीनं दमायचंय."

डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. मग मी तिला तयार करायला घेतलं. घराजवळच्या टेकड्यांवर आम्ही पाठीवर ओझं घेऊन चालायचो. सुती कपडा घामानं भिजला की अंग गारठतं, म्हणून लोकरीचे थर कसे घालायचे, बुटांखाली लोखंडी काटे कसे बांधायचे, निसरड्या उतारावर पाऊल कसं टेकवायचं, सगळं ती जिद्दीनं शिकली. धाप लागली की थांबायची, पण "परत जाऊया" असं एकदाही म्हणाली नाही.

जानेवारीत आम्ही न्यू हॅम्पशायरला गेलो. झाडी संपून डोंगराची उघडी, पांढरी धार समोर आली तेव्हा मेधा मोठ्यांदा हसली. कित्येक महिन्यांत मी तिचं ते हसू ऐकलं नव्हतं. शिखर मात्र बरंच लांब असताना ढग उतरले. आकाश कुठे संपतं आणि बर्फ कुठे सुरू होतो, कळेना. मी परत फिरायचं ठरवलं, तर आमचे ठसे वाऱ्यानं पुसले होते आणि वाट दाखवणारे दगडांचे ढीग बर्फात बुजले होते. होकायंत्रानं दिशा कळली, पण त्या अरुंद धारेवर नेमकं कुठे पाऊल टाकायचं ते कळेना. तेव्हा मी मनात म्हटलं, महाराज, मला येत होतं ते सगळं करून झालं. आता तुम्ही न्या.

जरा पुढे गेलो असू, तोच मागून मेधा ओरडली, "थांब गं! माझ्या बुटाचे काटे सुटलेत."

मी वैतागले. त्या वाऱ्यात थांबणं धोक्याचं होतं. "थोडं पुढे येतेस का? तिथे बांधू."

"नाही. आत्ता, इथेच."

मी गुडघ्यांवर बसले. बोटं आखडली होती, पट्टा काही केल्या बसेना. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि क्षणभर ढग फाटला. मी जिथे पाऊल टाकणार होते तिथे डोंगर नव्हताच. वाऱ्यानं रचलेला बर्फाचा छज्जा होता आणि त्याखाली खोल दरी.

"डोन्ट मूव्ह!" मागून हाक आली. लाल जाकिटातली एक पांढऱ्या केसांची बाई धारेवर उभी होती. ढग फाटला तेव्हाच तिला आम्ही दिसलो होतो. तिनं आम्हाला हळूहळू मागे घेतलं आणि पुढे चालत झाडीपर्यंत आणून सोडलं. तिथे आम्ही तिला थर्मासमधला चहा दिला. इतक्या ढगात ती वर कशी, असं विचारल्यावर म्हणाली, "मी उतरायलाच लागले होते. हातमोजा पडला म्हणून मागे फिरले." हातमोजा तिला सापडला नव्हता.

याचा अर्थ लावायला मी कुणाला सांगत नाही. मला इतकंच ठाऊक आहे, की माझं शिकलेलं जिथे संपलं तिथून पुढे आम्हाला कुणीतरी नेलं. भार टाकणं म्हणजे हातपाय गाळणं असं मी समजत होते. त्या दिवशी तर आम्ही दोघी क्षणभरही चालायचं थांबलो नव्हतो, थांबवलं गेलं तेवढं सोडून.

गाडीत बसताच मेधा म्हणाली, "शिखर राहिलं. पुन्हा यायचं."

मार्चमध्ये स्वच्छ हवेचा दिवस बघून पुन्हा गेलो. या वेळी ती पुढे, मी मागे. माथ्यावर पोचल्यावर तिनं पाठीवरचं ओझं उतरवून ठेवलं. मग म्हणाली, "मला देवाधर्मातलं फार कळत नाही. पण थँक्स म्हणावंसं वाटतंय. कुणाला म्हणू?"

"मोठ्यानं म्हण. ज्याला पोचायचं त्याला पोचेल."

दरीकडे तोंड करून तिनं छातीत श्वास भरून, ओरडून थँक्स म्हटलं. तिच्याशेजारी उभी राहून मीही ओरडले.