अंगठ्याच्या आधी

सेलू स्टेशनवर उतरले तेव्हा आठ वाजले होते. अकराला जिंतूरच्या एका दवाखान्यात तांड्यावरच्या म्हातारीचं ऑपरेशन होतं. तिला फक्त गोरमाटी (बंजारा बोली) येते, डॉक्टरांना तीच येत नाही. दुभाषी होती जमुना, मी शिकवते त्या दुभाष्यांच्या वर्गातली. तिचं हे पहिलंच काम. "मॅडम, तुमी असाच," असा तिचा फोन आला आणि मी संभाजीनगरहून रेल्वेत बसले.

देवगाव फाट्यावर एसटीचं चाक बसलं. मी कंडक्टरच्या मागे लागले, तर म्हणतो, "बाई, खिळ्याला काय म्हाईत तुमची घाई? च्या घ्या तवर." चहाबरोबर भजी घेतली. लय तिखट! रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता, पण माझं सगळं लक्ष घड्याळात.

जिंतूरला पोचले तर जमुना दारातच.

"मॅडम, संमतीच्या कागदावर अंगठा घेतला बी! म्हातारीच्या पोरानं तिला मलमपट्टी हाय म्हणून सांगितलं. याडीला (आईला) पायाची बोटं कापणार हे म्हाईतच न्हाई."

"घाबरंल ना ती," तिच्यामागे उभा असलेला मुलगा पुटपुटला.

माझं डोकं सणकलं. पण जमुना माझ्याआधीच डॉक्टरांपुढे उभी राहिली.

"साहेब, हा अंगठा खरा न्हाई. मी सांगते, मग पुन्हा घ्या."

"अहो, मागे रांग खोळंबलीय!"

"खोळंबू द्या," मी म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. उठवून दाखवा म्हणावं!

जमुना म्हातारीसमोर बसली. शुगर, सडलेली बोटं, भूल, सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. मग म्हातारीने काहीतरी विचारलं.

"टाच राहील का, म्हणते."

"राहील," डॉक्टर म्हणाले. पेनाने तिच्या पावलावर रेघ काढून दाखवली.

म्हातारीने अंगठा पुढे केला. मग मुलाकडे वळून काही बोलली. दुभाष्याने खोलीतलं प्रत्येक वाक्य सांगायचं, असं मीच शिकवलेलं. जमुनाने सांगितलं, "पाय माझा, आन् माझ्याआधी तुला ठाऊक!"

परतीच्या गाडीत मला दवाखान्या-दवाखान्यांत ऐकलेलं "घरचं माणूस सांगेल की" आठवत राहिलं. घरच्या माणसाची माया खोटी नसते, पण ती खोटं बोलते. म्हणून दुभाषी हवा, आणि तो मिळेपर्यंत मी अशी स्टुलं अडवणार.

गाडीने सेलू सोडण्याआधीच जमुनाचा फोन आला. शुद्धीवर येताच याडीने तिलाच हाक मारली होती, डॉक्टर काय म्हणतात ते सांग म्हणून. मुलगा उशाशीच बसला होता.