भेटशीन नाही, भेटू

कारंज्याच्या बाजारात आज ताज्या सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास आला आणि मला कमल आठवली. इंझोरीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिचे आईवडील मजुरीसाठी परगावी निघाले, त्या सकाळी तिनं वाफ्यातला उरलासुरला सांबार माझ्या ओंजळीत दिला.

मी रडत विचारलं, “आता कवा भेटशीन?”

“भेटशीन नाही, भेटू म्हण,” ती म्हणाली. “भेटशीन म्हटलं का मले एकटीलेच या लागते. भेटू म्हटलं का दोघीले.”

तेव्हा ते मला कळलंच नाही. कित्येक वर्षं मी नुसती वाट पाहिली. आज पहिल्यांदा भाजीवालीला तिच्याबद्दल विचारलं.

“इंझोरीची कमल? थे तं आमच्या धनजले दिली हाये!”

घरची एसटी समोर उभी होती. मी धनजच्या गाडीत चढले.