वाळलेल्या कापसाला गेट बंद

"मॅडम, वाळेल कापूस गेटबाहेर अन् वला कापूस आत. असं काऊन होऊन राह्यलं?"

मलकापूरच्या एका जिनिंग कारखान्याचे मॅनेजर इकबालभाई मला दारातच म्हणाले. मी बुलढाण्याहून सॉफ्टवेअर दुरुस्तीला आले होते. मूळ प्रोग्राम लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. प्रोग्राम सी भाषेतला, काम साधं. मॉइश्चर मीटरने कापसातला ओलावा मोजायचा, प्रोग्रामने तो आकडा वाचून ओलावा दहा टक्क्यांपर्यंत असला तरच गेट उघडायचं.

गेटशी शेतकरी वंदनाताईंची गाडी अडली होती. त्या साली अळीला दाद न देणाऱ्या बीटी कापसावरही बोंडअळी पडली होती. हाती लागला तेवढा कापूस ताईंनी उन्हात उलथापालथा करून वाळवला होता. स्क्रीनवर ओलावा शून्य! प्रोग्रामच्या मते शून्य म्हणजे मीटर बिघडलं. गेट बंद.

"शून्य? माहा कापूस हाय का चुलीतली राख?" ताई कडाडल्या. रांगेत हशा पिकला.

मी मीटरपाशी गेले. मीटर दाखवत होतं ००८. मागच्या गाडीचा कापूस लावून पाहिला. मीटरवर ०१०, स्क्रीनवर ८. त्यामागची गाडी ०१२, स्क्रीनवर १०. मला हसूच फुटलं.

"मॅडम, काऊन हसून राह्यल्या?"

"इकबालभाई, मीटर दहाने मोजतंय आणि प्रोग्राम आठाने!"

मीटर आकडा अक्षरांच्या रूपात पाठवतं. शून्य, शून्य, आठ, अशी तीन अक्षरं. त्यांची संख्या करणारं तयार फंक्शन सी भाषेत असतं. कोणत्या पद्धतीने मोजायचं, ते त्याला सांगावं लागतं. इथे सांगितलं होतं, 'तूच ठरव.' मग सुरुवातीला शून्य दिसलं की ते आठाने मोजतं. त्या मोजणीत सातापुढे अंकच नाही; सातानंतर थेट १०, म्हणजे आपले आठ. आठ दिसताच ते तिथेच थांबतं आणि आधीचं शून्य घेऊन परततं.

'तूच ठरव'च्या जागी मी 'दहाने मोज' असं लिहिलं. प्रोग्राम पुन्हा चालू केला.

स्क्रीनवर आठ!

गेट उघडलं. रांगेतून शिट्ट्या आल्या. इकबालभाईंनी टोपी हवेत उडवली. ताईंनी ओंजळभर कापूस माझ्या डोक्यावर उधळला, नवरीवर अक्षता टाकाव्यात तसा. मी पांढरीशुभ्र होऊन हसत उभी.

तेवढ्यात मघाची, बारा टक्के ओलाव्याची गाडी मीटरवर आली. गेट हललं नाही.

"ह्या बाईले कोनं बोलावलं बे?" गाडीवाला ओरडला.

दुरुस्ती सगळ्यांनाच आवडते असं नाही.