चाकाची शपथ

तुम्ही कधी मित्रांबरोबर एकत्र शपथ घेतली आहे काय? घेतली असेल, तर तिचे शब्द कोणी जुळवले होते, एवढेच मला सांगा. बाकी काय घडले असेल ते मी सांगतो.

माझी हयात भाताच्या गिरणीत गेली. पोती बाहेर पडली की कोपऱ्यात आणि काट्यामागे दाणे उरतात. झाडू लागावे तो ढीग होतो. प्रवासाचेही तसेच. आम्ही चौघे सायकलवरून महाडहून कन्याकुमारीला गेलो आणि परत आलो. लोक विचारतात, काय काय पाहिले? आम्ही समुद्र सांगतो, देवळे सांगतो. आमच्यात बसलो की मात्र गोष्टी निघतात त्या परतीच्या शेवटच्या टप्प्याच्या. खेड सोडल्यापासून महाडच्या नाक्यापर्यंतचा रस्ता तो केवढा; पण ढीग साठला तो तिथेच.

चौघे कोण, ते आधी सांगतो. मी वयाने मोठा, म्हणून मला अण्णा म्हणत. दुसरे कांबळे मास्तर, प्राथमिक शाळेत शिक्षक. तिसरा सीताराम, पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतला शेतकरी, पायाने दणकट आणि मनाने सरळ. चौथे दिनकरशेठ. महाडात त्यांचे सायकलचे दुकान होते. सायकलींची व्यवस्था त्यांची, रस्त्याची माहिती त्यांची, बोलणेही बहुतेक त्यांचेच.

शपथेचे शब्दही त्यांनीच जुळवले.

*

निघण्याच्या सकाळी आम्ही ग्रामदैवतासमोर उभे राहिलो. वाटेत गाडीचा आधार घ्यायचा नाही, सारा प्रवास आपल्या बळावर करायचा, एवढाच हेतू होता. परंतु साधे बोलणे दिनकरशेठना जमत नसे. त्यांनी शब्द दिले : "महाडात परत येईपर्यंत चाक जमिनीवरून उचलणार नाही."

शब्द भारदस्त वाटले. मी ते चौघांच्या वतीने मोठ्याने उच्चारले. परत आल्यावर त्याच जागी उभे राहून 'शपथ पुरी झाली' असे सांगण्याचा भार त्यामुळे माझ्यावर आला. देवाला अर्धवट हिशेब सांगता येत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

कांबळे मास्तर देवळात आले नव्हते. ते चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि तेच शब्द स्वतःशी म्हणून आले. मी विचारले, साक्षीला कोण होते? ते म्हणाले, "साक्षीला मी होतो. मी विसरणार नाही."

पहिले पंक्चर महाडच्या हद्दीतच झाले. दुरुस्त करणाऱ्याने सवयीप्रमाणे सायकल उलटी करायला घेतली आणि मी त्याचा हात धरला. दोन्ही चाके आभाळाकडे! देवासमोरचा शब्द अजून वाळलाही नव्हता. तोडगा मास्तरांनी काढला. एक चाक जमिनीवर असेल तोवर सायकल जमिनीवर आहे, असे त्यांनी व्याकरण लावले. तेव्हापासून पंक्चर काढताना एक जण सायकलचे दुसरे चाक जमिनीवर दाबून बसू लागला. दुरुस्त करणारे आमच्याकडे ज्या नजरेने पाहत, ती कन्याकुमारीपर्यंत बदलली नाही.

*

परतीच्या वाटेवर खेड सोडल्यावर आम्ही एका देवळाच्या सभामंडपात मुक्काम केला. मंडपाला पायऱ्या होत्या. कोणीही सायकल खांद्यावर घेऊन चढला असता. आम्ही एकेक पायरी, एकेक धक्का देत चाके वर चढवली. सकाळी तशीच उतरवली.

पुजारी हे सारे पाहत होते. त्यांनी सीतारामला विचारले, सायकलला दर्शन घडवता की काय? सीताराम म्हणाला, "नाय. शपथ हाय. चाकाची."

पुजाऱ्यांनी चारही हँडलांना अंगारा लावला. आम्हांला लावला नाही.

*

कशेडी घाटाच्या पायथ्याशी एक म्हातारी करवंदीच्या जाळीजवळ शेरडे राखत बसली होती. दिनकरशेठना कोणीतरी विचारावे अशी इच्छा नेहमीच असे. कोणी न विचारल्यास ते स्वतःच सांगत. त्यांनी सायकल थांबवली आणि म्हणाले, "आजी, आम्ही कन्याकुमारीहून येतोय."

म्हातारीने चौघांना नीट न्याहाळले. मग विचारले, "कन्या बघाया गेल्ता? मग, पसंत पडली का नाय?"

मास्तर गंभीरपणे म्हणाले, "कन्या चांगली होती, आजी. पण तीन समुद्र आडवे आले."

"ऱ्हाऊ दे रं," म्हातारी म्हणाली. "दुसरी बघा. पन ह्यो अण्णा कशाला आन्लाव संगती? ह्याला बघून कोन पोर देल?"

वृद्ध माणसाची अशी थट्टा करू नये, असे मी पुढच्या वळणावर मास्तरांना बजावले. त्यांनी मान्य केले. परंतु थट्टा नेमकी कोणाची झाली, हा प्रश्न त्यांनी मला परत विचारला.

*

आता घाट. कशेडी चढताना दम राखावा लागतो. अवघड जागी आम्ही उतरून सायकल ढकलत होतो. शपथेला त्याची हरकत नव्हती. वाटेत रस्त्याच्या खाली एक झरा लागला. मी, मास्तर आणि सीताराम पाणी पिण्यास खाली उतरलो. दिनकरशेठ मागे राहिले होते. ते येतील तेव्हा येतील, असे म्हणून आम्ही हातपाय धुतले, थोडे टेकलो आणि पुन्हा चढू लागलो.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा आमचे सदरे पिळून घ्यावेत असे झाले होते. चहाच्या टपरीसमोर बाकावर दिनकरशेठ बसलेले. भांग जागेवर. चहाचा दुसरा कप हातात.

सीतारामने विचारले, "शेट, तुम्ही आमच्या फुडं कवा गेलाव?"

तुम्ही झऱ्यावर होता तेव्हा, असे त्यांनी सांगितले. ते खरेच होते. मग त्यांनी आम्हांला चढ कसा चढावा यावर व्याख्यान दिले. श्वास नाकाने घ्यावा, नजर चाकाच्या पुढे हातभर ठेवावी, आणि मुख्य म्हणजे मन घट्ट हवे. टपरीवालाही ऐकत उभा राहिला. मी मनोमन देवाचे आभार मानले, आणि माझ्या पिशवीतला शेवटचा गुळाचा खडा दिनकरशेठच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो खाल्ला. हे मी अजून विसरलेलो नाही.

*

पोलादपूरला दिवस कलताना उतरलो. तिथे सीतारामची बायको वाडीवरून खाली आली होती. डोक्यावरच्या टोपलीत भाकऱ्या, आणि चेहऱ्यावर इतक्या दिवसांचे सगळे प्रश्न. आम्ही अदबीने बाजूला झालो; तरी ऐकू येत होते.

"घरला कवा येनार?"

"महाड झालं का येतो गो."

"महाड फुडं हाय. घर हितं हाय."

सीतारामने तिला शपथ समजावली. चाक, जमीन, देऊळ, सारे. तिने शांतपणे ऐकले आणि सायकलच्या सीटवर हात ठेवून म्हणाली, "हिच्याशी लगीन नाय लावलाव, त्येवढं बरं केलाव."

महाडची बातमीही तिनेच आणली. तिचा भाऊ त्या दिवशी महाडहून आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर पेठेतली मंडळी जमणार, वाजंत्री सांगितली आहेत, चार हार आणले आहेत. ऐकताच दिनकरशेठनी पिशवीतून एक घडी केलेला बुशशर्ट काढला. सारा प्रवास त्यांनी तो न घालता जपला होता. भाषणही तयार होते. त्यातला काही भाग आम्ही आधीच ऐकला होता. काही तेव्हा ऐकावा लागला.

*

रात्रीचे जेवण एका खानावळीच्या पडवीत होते. खानावळ चालवणाऱ्या बाईंची एक मांजर होती. ती आली, माझ्या पानाकडे पाहून पुढे गेली. सीतारामच्या पानाकडेही तिने ढुंकून पाहिले नाही. ती थेट दिनकरशेठच्या मांडीवर चढली आणि त्यांच्या सदऱ्याची बाही चाटू लागली.

त्यांनी तिला खाली ठेवले. ती परत चढली. जागा बदलली, ती मागे गेली. मास्तर म्हणाले, आपल्या चौघांत शेठच पुण्यवान, प्राण्यांनाही कळते. मग आतून बाई आल्या आणि सहज बोलून गेल्या, "तिला मान्सांची वळख नाय. सुकटीची हाय."

सुकट म्हणजे सुकवलेली मासळी. आमच्या पानांत त्या दिवशी वरण आणि भाकरी होती.

सीतारामने वाकून दिनकरशेठच्या बाहीचा वास घेतला. त्याच्या मनात कपट नव्हते, म्हणून तो उघड बोलला. "शेट, घाटात आमी झऱ्यावर व्हतो तवा सुकटीचा ट्रक वर गेला. वास आल्ता. तुमास्नी आला का?"



मी म्हणालो, "शेठ, मी तुम्हांला शपथ घालत नाही. नुसते विचारतो."

दिनकरशेठनी मांजर खाली ठेवली. या वेळी ती गेली. मग त्यांनी सांगितले. खेडच्या बाजूच्या पहिल्या वळणावर ट्रक रांगत चढत होता. मागच्या फळीची साखळी लोंबत होती. त्यांनी ती एका हाताने धरली, आणि माथ्यावर सोडली.

"पण अण्णा," ते म्हणाले, "चाक जमिनीवरच होतं. एक क्षणही उचललं नाही. शपथेत साखळीचा शब्द नाही."

शब्द त्यांचेच होते. त्यात साखळी खरोखरच नव्हती. उद्या सकाळी हार, वाजंत्री, सारे गाव. आणि त्यानंतर देवासमोर मी. गप्प राहिलो असतो तर शब्दाला शब्द जुळत होता. मी जे देवाला सांगणार होतो, ते मात्र खोटे ठरत होते.

मी मास्तरांकडे पाहिले. पंक्चरच्या वेळी व्याकरण त्यांनीच लावले होते.

मास्तरांनी हात धुतला, पुसला आणि म्हणाले, "चाक उचललं नाही, हे खरं. पाय उचलले नाहीत, हेही खरं."

मग त्यांनी निवाडा मांडला. सायकलने शपथ पाळली आहे. तिचे चाक महाडपासून कन्याकुमारीपर्यंत आणि तिथून इथपर्यंत जमिनीवरून फिरले आहे. तिला पुन्हा घाट चढवणे हा अन्याय होईल. राहिले आहेत ते फक्त पाय.

दिनकरशेठ म्हणाले, सकाळी नाक्यावर लोक येणार. मी म्हणालो, लोकांसमोर कसे जायचे ते तुम्ही ठरवा; देवळात मात्र चौघे महाडात पोहोचल्याखेरीज मी पाय ठेवणार नाही, मग कितीही दिवस लागोत. कोणी त्यांना जा म्हटले नाही. राहा असेही म्हटले नाही.

दिनकरशेठनी तो बुशशर्ट घडीसह पिशवीत परत ठेवला.

*

पहाटे दिनकरशेठ पायी निघाले. साखळी धरली होती ती घाटाच्या पलीकडच्या बाजूला. ती जागा गाठायची तर पोलादपूरहून सारा घाट आधी चढायचा, मग पलीकडे उतरायचा, तिथून वळून तोच चढ पुन्हा चढायचा, पुन्हा पोलादपूरला उतरायचे, आणि मग महाडची वाट धरायची. हे त्यांच्या ध्यानात वहाणा घालताना आले. त्यांनी आमच्याकडे पाहिले. सीताराम कळवळून म्हणाला, "शेट, श्वास नाकानं घ्या."

आम्ही तिघे महाडकडे निघालो. दिनकरशेठची सायकल एस. टी.च्या टपावर टाकता आली असती. परंतु तिची शपथ महाडपर्यंत होती. सीतारामने एका हाताने स्वतःचे हँडल धरले, दुसऱ्या हाताने तिचे, आणि दोन्ही सायकली साऱ्या वाटेने जमिनीवरून चालवत आणल्या.

नाक्यावर गर्दी होती. वाजंत्री सुरू झाली. पेठेतल्या वडीलधाऱ्या मंडळींनी माझ्या गळ्यात हार घातला, मास्तरांच्या घातला, सीतारामच्या घातला. चौथा हार हातात घेऊन ते इकडे तिकडे पाहू लागले. माणसे तीन आणि सायकली चार. दिनकरशेठचे धाकटे भाऊ टाचा उंचावून रस्त्याच्या टोकाकडे पाहत होते. वाजंत्रीवाले थांबले. सर्वांनी माझ्याकडे पाहिले, मी मास्तरांकडे.

मास्तरांनी रिकाम्या सीटवरची धूळ हाताने पुसली.

"हार हिच्या हँडलला घाला," ते म्हणाले. "पाय मागून येताहेत."