उतरलेलं चीवर

भिक्खू-पाद्र्यांच्या सिनेमांवर मी एके काळी जीव टाकत असे. बर्फातला मठ, मौन पाळणारे म्हातारे, जंगलात दवाखाना थाटणारा एखादा पाद्री, असलं काही दिसलं की माझी तहानभूक हरपायची. त्यांत कुणी कुणावर खेकसत नाही, भांडी आपटत नाही. मला वाटायचं, शांती म्हणतात ती हीच. आता ते सिनेमे आठवले की डोकं फिरतं, आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच आहे.

आमचं गाव आखाडा बाळापूरच्या अलीकडचं. पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, आमच्या विहारात ग्रंथवाचन चालतं. रविवारी वाचन झालं की मी भिंतीला चादर बांधून माझा एखादा आवडता सिनेमा दाखवायचो आणि मधेमधे मराठीतून समजावायचो. माय पुढंच बसायची. एकदा पडद्यावर पन्नासेक भिक्खू रांगेनं जेवत होते, तेव्हा तिनं मोठ्यांदा विचारलं, "व्हय रे, इतक्या लोकायचा सैपाक कोन करून राहिलं?"

सगळे हसले. मीही हसलो. "गप बैस न माय," म्हणालो. खरं तर उत्तर मला माहीत नव्हतं. कॅमेरा तिकडं कधी वळलाच नव्हता.

त्याच साली विहार समितीनं दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर ठरवलं. केस उतरवायचे, भिक्खूचं चीवर घालायचं, विहारातच राहायचं, दुपारी बारानंतर जेवायचं नाही. पहिलं नाव मायनं दिलं. जन्मभर लोकांची शेतं निंदली. गुडघे धड आहेत तोवर एकदा चीवर अंगावर घ्यावं, एवढीच तिची इच्छा होती. समितीनं नाव खोडलं. "बायांच्या राहायची सोय न्हाई, मावशी. तुमी भोजनदानाचं पाहा."

सोय नाही म्हणे! विहाराला लागून दोन खोल्या होत्या, त्यांत लग्नकार्याची भांडी पडली होती. भांड्यांना खोली आणि बाईला नाही. हे तिथंच बोलायला हवं होतं, मी त्या बैठकीत बसलो होतो. पण यादीत माझं नाव होतं आणि मला सिनेमातल्या भिक्खूंसारखं दिसायचं होतं. मी मूग गिळून बसलो.

सहाव्या दिवशी आम्ही भिक्षेला निघालो आणि मी पात्र घेऊन माझ्याच दारात उभा राहिलो. आमच्यात चीवर घातलेल्या पोराच्या पाया त्याचे आईबापही पडतात. मायनं पात्रात भाकरी-भाजी वाढली, खाली वाकून तीनदा डोकं टेकवलं. उठताना तिला भिंत धरावी लागली.

"भंते," ती मला म्हणाली, "मला काहून न्हाई घेतलं?"

मी नजर जमिनीवर ठेवली आणि एक शब्द न बोलता पुढच्या घराकडं गेलो. थू माझ्या त्या मौनावर.

शिबिर संपल्यावर मायनं माझं चीवर धुऊन, घडी घालून पेटीत ठेवलं. मधे तीन वर्षं गेली. तिला आता खुर्चीशिवाय बसता येत नाही. यंदा पुन्हा शिबिर ठरलं आणि यादी पुन्हा पुरुषांचीच निघाली. या वेळी मी बैठकीत तोंड उघडलं, चांगला कडाकडा भांडलो. "पुढच्या साली पाहू," एवढंच पदरात पडलं.

तणतणत घरी आलो, पेटी उघडली आणि चीवर मायसमोर धरलं. "घाल माय, घरातच घाल. कोन अडवते ते पाहतो."

तिनं हातसुद्धा लावला नाही.

"दुसऱ्याचं उतरलेलं अंगावर घ्यायचं तुह्या आज्यानं सोडलं, तवाच आपुन बुद्धाचे झालो न?" ती म्हणाली. "ठेव ते पेटीत. मला नवं पाहिजे. अन विहारात पाहिजे, चार लोकायसमोर."