एका कुटुंबाला एक पान

कॅनडाच्या उत्तरेकडे, एका सरोवराच्या काठावरच्या छोट्या गावात मी चार वर्षं राहिलो. त्या गावानं आता स्वतःचा इतिहास छापायचं ठरवलंय. गावात राहून गेलेल्या प्रत्येक कुटुंबाला त्यात एक पान. तुम्ही तिथं तीन पिढ्या काढल्या असोत की तीन हिवाळे, पान एकच, आणि ते आपलं आपण लिहायचं. तिकडच्या गावांत ही जुनी पद्धत आहे. कोण कुठून आलं, कुणी गिरणीत किती वर्षं काम केलं, कुणाची गाय हिमवादळात हरवली, असलं सगळं त्या जाडजूड पुस्तकांत असतं. मी पुण्याचा. आमच्याकडे इतिहास लिहायला बसलेला माणूस आधी दुसऱ्याचा इतिहास कसा चुकलाय ते लिहितो. एका पानात तेवढी जागा नव्हती.

मेल आली तेव्हा मी सिंगापुरात, पाया लेबारच्या ऑफिसात डबा खात होतो. पाठवणारी बाई पुस्तकाची संपादक, चौऱ्याऐंशी वर्षांची आणि तिथली आमची शेजारीण. मी तिला मनातल्या मनात आणि घरात काकू म्हणायचो. तिच्या नवऱ्याला मात्र तोंडावर काका म्हणत असे. त्याला अर्थ सांगितल्यावर तो खूश झाला होता आणि दुकानात सगळ्यांना सांगत सुटला होता. मेलमध्ये काकूनं लिहिलं होतं, "तुमचं पान आलेलं नाही. महिन्याअखेर सगळं छापखान्यात जाणार. तुम्ही लोक आळशी नव्हतात. मग काय झालं?"

काय झालं ते मला चांगलं ठाऊक होतं. तिचा नवरा सरोवराच्या बर्फाखाली जाऊन मेला, त्याला वाट मी करून दिली होती, आणि अकरा वर्षांत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

गाव म्हणजे काठाकाठानं गेलेला एक रस्ता. एका टोकाला धक्का, दुसऱ्या टोकाला दफनभूमी. मधे शाळा, चर्च आणि एक दुकान, ज्यात दूध, खिळे आणि खोकल्याचं औषध एकाच फळीवर मिळे. पूर्वी तिथं कातड्यांचा व्यापार चाले. तिथले मूळ रहिवासी होड्यांतून कातडी आणत आणि गोरे व्यापारी त्यांना घोंगड्या देत. हा सौदा कुणाच्या फायद्याचा होता यावर अजून दोन मतं आहेत, आणि दुसऱ्या मताचे लोक सरोवराच्या पलीकडच्या वस्तीत राहतात. मग रेल्वे आली, लाकडाची गिरणी आली, गिरणी बंद पडली, रेल्वेही थांबली आणि स्टेशनाचं संग्रहालय झालं. मी नगरपालिकेत इंजिनिअर म्हणून लागलो तोवर इतिहास संपलेला होता. रस्त्यांची डागडुजी तेवढी उरली होती.

हिवाळ्यात माझ्याकडे आणखी एक रस्ता यायचा. सरोवर गोठलं की त्याच्यावरून पलीकडच्या वस्तीपर्यंत वाट आखायची. काठानं वळसा घालून जायला अर्धा दिवस, बर्फावरून वीस मिनिटं. रोज सकाळी भोकं पाडून बर्फाची जाडी मोजायची, वहीत लिहायची, आणि किती वजनाच्या गाड्या चालतील ते काठावरच्या पाटीवर लावायचं. वसंतात जाडी कमी भरली की रस्त्याच्या तोंडाशी लाल-पांढरं बॅरिकेड उभं करून रस्ता बंद. घरी फोनवर हे सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "म्हणजे तू पाण्यावर रस्ते करतोस आणि ते दर वर्षी वाहून जातात. मग पुणे महापालिका काय वाईट होती?"

काकाचा बाप त्याच बर्फावरून घोड्यांच्या घसरगाड्यांनी माल न्यायचा. काका स्वतः जन्मभर बोटी चालवून निवृत्त झालेला. बर्फ आवाजावरून ओळखता येतो असं त्याचं म्हणणं होतं, आणि माझ्या मोजमापांकडे तो लहान मुलाच्या चित्राकडे बघावं तसं कौतुकानं बघायचा. पहिल्या हिवाळ्यात गाडीचं इंजिन विजेवर गरम ठेवायचं असतं हे त्यानं आम्हाला शिकवलं. दर आठवड्याला तो आमच्या दारात मासे ठेवून जायचा. बायकोनं त्याला एकदा कालवण खायला घातलं. त्याबरोबर तो दोन ग्लास दूध प्यायला, घाम पुसत म्हणाला, छान झालंय, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आला.

चौथ्या वसंतात एका दुपारी मी बॅरिकेड लावत होतो. नदी सरोवराला मिळते तिथं बर्फ सकाळी चार बोटं कमी भरला होता. काका आपली पिकअप गाडी घेऊन आला. बर्फावर मासे धरायला बसायची लाकडी खोपटं असतात, ती बर्फ वितळायच्या आत काढून आणावी लागतात. त्याचं राहिलं होतं. तो गाडीतून उतरला, टोपी काढली आणि म्हणाला, "एक फेरी. जाऊ का?"

आता या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं. पण वडिलांच्या वयाचा माणूस, ज्याच्या घरचं चार वर्षं खाल्लं, तो टोपी हातात घेऊन मला विचारत होता. आपल्याकडे असा माणूस परवानगी मागतो ती मिळावी म्हणून नव्हे. तो तुमचा मान ठेवत असतो, आणि तुम्ही ओशाळून म्हणायचं असतं, अहो काका, मला काय विचारताय. मी तेच म्हणालो, इंग्रजीत. त्या भाषेत त्याचा अर्थ जा असा होतो. मी बॅरिकेड हातानं बाजूला केलं, गाडी पुढे गेली, आणि रस्ता बंद असल्यामुळे मी ते परत जागेवर लावलं.

तो नीट गेला. येताना खोपट मागे ओढत होता. नदीच्या तोंडाशी बर्फ फुटला.

पोलिसानं मला एकच प्रश्न विचारला, बॅरिकेड लावलेलं होतं का. मी हो म्हणालो. ते खरं होतं. चर्चच्या तळघरात अंत्यविधीनंतरचं खाणं होतं, तिथं काकू माझ्याजवळ आली. म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तो बॅरिकेडला वळसा घालून गेला. कुणाला विचारायचा त्याचा स्वभावच नव्हता." माझ्या हातात अंड्याचं सँडविच होतं. मी ते खाल्लं आणि आणखी एक घेतलं. स्वतःची इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती. त्याच उन्हाळ्यात आम्ही सिंगापूरला आलो. विचारणाऱ्यांना थंडीचं आणि मुलीच्या शाळेचं कारण दिलं.

इथं मी बांधकामांवर सुरक्षेचं काम बघतो. माझ्या साइटवर बंद म्हणजे बंद. एकदा आमच्याच डायरेक्टरना हेल्मेट नाही म्हणून फाटकाबाहेर उन्हात उभं केलं. ते वयानं मोठे होते आणि हसून विचारत होते, तरीही. ऑफिसात मला तत्त्वाचा माणूस म्हणतात. मी ते खोडून काढत नाही.

तर पान. बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर मी शनिवारभर बसलो. पंधरा वर्षांची मुलगी समोर अभ्यास करत होती. ती ते गाव सोडलं तेव्हा चार वर्षांची होती, त्यामुळे तिला फक्त लाल बूट आठवतात. ती सिंगापुरी ढंगात म्हणाली, "बाबा, सिंपल लिही ना. वी केम, सो कोल्ड, वी वेंट. फिनिश, लाह." मी बऱ्यापैकी तेच लिहिलं. पुण्याहून आलो, शेजारी चांगले होते, पहिल्यांदा बर्फ पाहिला, पोहे करायला पोहे मिळत नसत. वाचून बघितलं. एकही वाक्य खोटं नव्हतं, जसं पोलिसाला दिलेलं उत्तर खोटं नव्हतं. मी ते पुसलं आणि दुपारी सगळं लिहिलं. टोपी, चार बोटं, बॅरिकेड बाजूला केलं ते आणि परत लावलं ते. एक पान पुरलं.

बायकोला वाचायला दिलं. तिनं उभ्यानंच वाचलं.

"तो गेल्यावर मी महिनाभर काकूंना डबा पोचवत होते," ती म्हणाली. "तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि आलेला डबा तू घासून ठेवायचास. मला वाटायचं, किती वाईट वाटलंय बिचाऱ्याला."

"वाटतच होतं."

ती पिशवी घेऊन बाजारात गेली आणि तासाभरानं नुसती कोथिंबीर घेऊन आली. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "पाठव. नवरा तिचा होता, तिला कळायला हवं. माझ्याशी मात्र आज बोलू नकोस." मी पाठवलं. आणि ती दुसऱ्या दिवशीही बोलली नाही.

दहा दिवस काही उत्तर नाही. मी साइटवर जाऊन येत होतो, एलआरटीच्या गाडीत उभा राहून मेल बघत होतो. मला वाटलं, वाचून तिला काही झालं तर. मग वाटलं, ते पान ती पोलिसांकडे देईल. हे वाटल्यावर जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

रविवारी सकाळी फोन वाजला. तिकडे शनिवारची संध्याकाळ. काकूनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"तू लिहिलंयस, तो गाडीतून उतरला," ती म्हणाली. "काच खाली करून नाही विचारलं?"

"नाही. उतरला. टोपी काढली."

"आणि विचारलं."

"विचारलं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं," ती म्हणाली. "मी त्याच्याकडून वचन घेतलं होतं, तुला विचारल्याशिवाय बर्फावर जायचं नाही. नंतर सगळे म्हणाले बॅरिकेड जागेवरच होतं. मी समजले, यानं वचन मोडलं. अकरा वर्षं दर रविवारी मी दफनभूमीत जाते आणि त्याला हेच सुनावते. थंडीत, पावसात, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कुबड्या घेऊनसुद्धा."

काकाला मी मारलं एवढंच मला अकरा वर्षं माहीत होतं. त्याला त्याच्या बायकोच्या नजरेतूनही मीच उतरवलं होतं, हे आत्ता कळत होतं.

"उद्या जाऊन माफी मागावी लागेल," ती म्हणाली. "गुडघाभर बर्फ आहे."

"काकू, चूक माझी होती," मी म्हणालो. तिला तो शब्द मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटला.

"तुझीच होती. पान छापते, एक अक्षर बदलणार नाही. आता तुझ्यावर रागवायचंय. अकरा वर्षं काही माझ्याकडे नाहीत, त्यामुळे भरभर रागवावं लागेल. फोन ठेवू नकोस."

मग ती रागावली. पाऊण तास. काही शब्द मला कळले नाहीत, ते बोटींवरचे होते. मधे ती रडली आणि मीही रडलो. बायको समोरच्या खुर्चीत येऊन बसली आणि फोन स्पीकरवर टाकून ऐकत राहिली. शेवटी दम लागला तेव्हा काकू म्हणाली, "आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या आठवड्यात याच वेळेला फोन तू कर."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी फोन करतो. ती उचलते आणि उरलेलं बोलून घेते. तिचा राग अजून संपलेला नाही. पलीकडे रिंग वाजत असते तेवढा वेळ मला भीती वाटते, की आज ती उचलणार नाही.