मखर खाली आहे

इथल्या रिफा शहरातल्या आमच्या शेजारीणबाई बँकेत नोकरीला आहेत, आणि गणपतीचं मखर त्यांच्याइतकं सुंदर अख्ख्या बहरीनमध्ये कुणी करत नाही. बोलताना त्या समोरच्याचं वाक्य आधी मान्य करतात आणि मग त्यातली हवा काढून घेतात. त्यांची कॉलेजवयाची लेक व्हीलचेअरवर असते. आमच्या मराठी मंडळातल्या बायका काळजीनं म्हणायच्या, "तिला गर्दीचा त्रास होईल गं, घरीच राहू दे."

"होईल. मलाही होतो," असं म्हणून बाई तिला घेऊन यायच्याच. पण आरती व्हायची अध्यक्षांच्या व्हिलामध्ये, वरच्या हॉलमध्ये. लेक खाली गाडीत बसून ऐकायची.

यंदा बाई सकाळीच गेल्या आणि खालच्या पोर्चमध्ये त्यांनी मखर उभं केलं. अध्यक्ष मूर्ती घेऊन आले तेव्हा त्या शेवटची झालर चिकटवत होत्या.

"वहिनी, हॉल वर आहे."

"वर आहे. मखर खाली आहे."

"उकडेल हो सगळ्यांना."

"उकडेल. पंखे मागवलेत."

अध्यक्षांनी जिन्याकडे पाहिलं, मखराकडे पाहिलं आणि मूर्ती मखरात ठेवली.

आरतीला लेक सगळ्यांच्या पुढे होती, हातात झांजा घेऊन. तिचे हात तिला हवे तसे चटकन वळत नाहीत.

"ठेका चुकतोय तिचा," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"चुकतोय," बाई म्हणाल्या, आणि लेकीच्या ठेक्यावर टाळ्या वाजवू लागल्या.

दुसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही सगळे त्याच ठेक्यावर होतो.